चहात बुडवलेला थर्मामीटर

मी थर्मामीटर बोलतोय. बटण दाबल्यावर पिक पिक करणारा नव्हे, आणि करोनात दुकानाच्या दारात कपाळावर रोखायचे तो तर नव्हेच नव्हे. मी काचेचा. पोटात पारा, अंगावर बारीक रेघा आणि अठ्ठ्याण्णव चारच्या जागी एक तांबडा बाण. तोंडात ठेवण्याआधी मला मनगटानं झटकावं लागतं. हल्लीच्या पोरांना तेवढंही जमत नाही. झटकताना कपाटाच्या कोपऱ्यावर आपटतात आणि मग काचा वेचत बसतात.

माझा स्वभाव जरा ताठ आहे, हे आधीच सांगून ठेवतो. मला एकच काम येतं: अंगात ताप किती, ते सांगणं. कमी नाही, जास्त नाही, आहे तेवढं. पण माणसांची गंमत अशी की त्यांना माझ्याकडून आकडा नको असतो, त्यांच्या मनातला आकडा हवा असतो. ज्याला शाळा बुडवायची त्याला ताप हवा असतो. जिला बहिणीच्या लग्नाला जायचंय तिला नको असतो. मला जिभेखाली धरून दोघंही देवाचा धावा करतात, आणि माझं उत्तर मनाजोगतं आलं नाही की दोघंही म्हणतात, “परत लाव बरं, नीट लागला नसंल.”

माझा जन्म एका कारखान्यात झाला. कुठल्या गावी ते ठाऊक नाही, कारण डोळे उघडले तेच एका कोमट पाण्याच्या भांड्यात, माझ्यासारख्या शंभर भावंडांबरोबर. पाणी किती गरम आहे ते तिथल्या लोकांना आधीच माहीत होतं. आम्ही काय सांगतो, एवढंच ते बघत होते. ज्यांनी अर्धा अंश इकडं तिकडं केला, त्यांना उचलून कचऱ्याच्या डब्यात टाकलं. त्या दिवशी मला वाटलं, खोटं सांगणाऱ्याला या जगात जागाच नाही. किती भोळा होतो मी!

तिथून मी फौजेत गेलो. एका पलटणीच्या दवाखान्यात, ज्याला जवान एम. आय. रूम म्हणतात, तिथं स्पिरिटच्या बरणीत माझा मुक्काम होता. आणि तिथंच मला लालासाहेब भेटले. उंब्रजच्या पुढं तारळी नदीच्या काठाला त्यांचं गाव. घरची उसाची शेती, पण घरात दर पिढीला एक जण फौजेत, असा रिवाज. लालासाहेब तिथं नर्सिंगचं काम करायचे. गोळ्या देणं, इंजेक्शन टोचणं, पट्ट्या बांधणं आणि रोज सकाळी आजारी म्हणून रांगेत उभ्या राहिलेल्यांचा ताप बघणं.

पाठीवर ओझं घेऊन लांब चालायचा दिवस असला की ती रांग दुप्पट व्हायची. कुणी काखेत कांदा दाबून यायचा. कांद्यानं ताप चढतो हा जवानांचा मोठा गैरसमज. खोलीत वास तेवढा चढायचा. जरा हुशार असलेला तोंडात गरम चहाचा घोट घोळवून यायचा. मग मी बिचारा एकशे दोन दाखवायचो. पण लालासाहेबांना फसवणं सोपं नव्हतं. ते त्याला बाकावर दहा मिनिटं गुपचूप बसवायचे, परत मला लावायचे आणि हसून म्हणायचे, “गड्या, चहा तू पिलास, ताप मीटरला आला व्हय रं?”

मला त्या माणसाचा फार अभिमान वाटायचा. माझी अब्रू राखणारा कुणीतरी आहे, असं वाटायचं. हवालदार म्हणून ते निवृत्त झाले, तेव्हा पलटणीच्या डॉक्टरसाहेबांनी मला डबीसकट त्यांच्या हातात दिलं. लालासाहेबांनी मला शर्टाच्या वरच्या खिशात ठेवलं आणि आम्ही दोघं घरी आलो.

गावात ते आबा झाले आणि मी आबांचा मीटर. मला सगळी वस्ती ओळखू लागली. कुणाचं पोर फणफणलं की आधी आबांच्या दारात. आबा मला स्पिरिटच्या कापसानं पुसायचे, झटकायचे, तोंडात ठेवायचे, घड्याळात बघून तीन मिनिटं मोजायचे. बोलायचं नाही, हसायचं नाही. मग खिडकीपाशी नेऊन उजेडात बघायचे. कुणी घासाघीस करायला लागलं की त्यांचं ठरलेलं वाक्य असायचं, “मीटर सांगंल तेच खरं.” मी त्या वाक्यावर इतकी वर्षं जगलो.

अंकिता ही आबांची नात. तिचे वडील शंभूराज, तेही फौजेत, सध्या राजस्थानात. मी तिला दात येत होते तेव्हापासून ओळखतो. एकदा तर चावून माझे बारा वाजवणार होती. सहावीत असताना ती शाळेच्या मैदानावर पोरांच्या पुढं पळाली आणि तेव्हापासून थांबलीच नाही. पहाटे कॅनॉलच्या रस्त्यानं पळायची, संध्याकाळी कराडला तानाजी सरांच्या मैदानावर जायची. सहा किलोमीटरच्या क्रॉसकंट्रीत जिल्ह्यात तिचा दोनदा चौथा नंबर आला होता. जिल्ह्याच्या संघात यायला पहिल्या तिघींत यावं लागतं. हे वर्ष शेवटचं, कारण येत्या महिन्यात तिला वीस पूर्ण होणार आणि वयोगट संपणार. यंदा तिची तयारी अशी होती की सरांनी घरी येऊन आबांना सांगितलं, “औंदा ही पोरगी पहिली येती. लिहून घ्या माझ्याकडनं.”

आणि दिवाळी झाली नि तिला टायफॉइड झाला.

ते दिवस मी विसरणार नाही. एकशे तीन, एकशे तीन चार, परत एकशे तीन. तिची जीभ माझ्यावर वाळल्या पानासारखी लागायची. आबा दर चार तासांनी मला लावायचे, ओल्या फडक्यानं तिचं अंग पुसायचे. आणि त्यांनी फौजेतली जुनी सवय काढली. चौकटीच्या कागदावर तापाचा तक्ता काढून तो खाटेच्या पायथ्याशी टांगला. सकाळचा ठिपका, संध्याकाळचा ठिपका, मध्ये रेघ. सुरुवातीला ती रेघ नुसती डोंगरासारखी वरखाली व्हायची. हळूहळू उतरली, आणि एका सकाळी माझा पारा बाणावर येऊन थांबला.

कराडच्या डॉक्टरांनी पळण्याबद्दल एक अट घातली. ताप उतरल्यापासून चौदा दिवस मोजायचे. या चौदा दिवसांत पारा एकदाही वर गेला नाही तर पळायचं. एकदा जरी गेला, तरी मैदानाचं नाव काढायचं नाही. अंकितानं तिथल्या तिथं बोटांवर हिशेब केला. साताऱ्यातली जिल्ह्याची निवड चाचणी बरोबर चौदाव्या दिवशी येत होती.

घरी आल्यावर तिनं आबांचा हात धरला. “आबा, चौदावा दिवसबी कोरा गेला तर मला सोडशीला न्हवं? मागनं काय काढायचं न्हाई.”

“शब्द हाय माझा,” आबा म्हणाले. “मीटर सांगंल तेच खरं. मी सोता येतो साताऱ्याला तुझ्यासंगं.”

झालं. सगळं माझ्यावर येऊन पडलं. कुणाचं आयुष्य असं माझ्या टोकावर टांगलेलं मी पूर्वी पाहिलं नव्हतं. पोरगी मऊ भात खायची, डाळीचं पाणी प्यायची, तिसऱ्या दिवशी अंगणात चालली, सहाव्या दिवशी ओढ्यापर्यंत गेली, दहाव्या दिवशी हळू पळाली. आणि रोज दोनदा मला तोंडात धरून डोळे मिटून बसायची. मी रोज तिला खरं तेच सांगत होतो, आणि खरं चांगलंच होतं. तेरा दिवसांचे सव्वीस ठिपके तक्त्यावर एका रेषेत आले. तेराव्या संध्याकाळी तिनं पळायच्या बुटाच्या नाड्या धुऊन वाळत घातल्या आणि आईला म्हणाली, “उद्या डब्यात चपाती दे, भात आता बास.”

आबा मात्र त्या दिवशी अर्ध्या भाकरीवरून उठले. मला वाटलं, आनंदानं भूक मेली असेल.

चौदाव्या सकाळी साडेसहाला आबांनी मला डबीतून काढलं. अंकिता आंघोळ करून, केसांची घट्ट वेणी घालून तयार होऊन बसली होती. सरांची गाडी सात वाजता यायची होती. आबांनी मला झटकलं, तिच्या जिभेखाली ठेवलं आणि घड्याळ बघायला लागले.

माझा पारा चढला आणि बाणावर थांबला. अठ्ठ्याण्णव चार. केसभरही पुढं नाही. मला हसता येत असतं तर मी हसलो असतो.

आबांनी मला तिच्या तोंडातून काढलं आणि नेहमीप्रमाणे उजेडात बघायला खिडकीपाशी नेलं. त्यांची पाठ तिच्याकडे होती. खिडकीच्या कट्ट्यावर त्यांचा अर्धा प्यालेला चहा होता, पिण्यासारखा कोमट झालेला. त्यांनी माझ्यावरचा आकडा बघितला. चांगला वेळ बघितला. मग मला उलटं केलं आणि टोकाकडून चहात बुडवलं.

एक क्षणच. ज्या माणसानं ही लबाडी करणाऱ्या शेकडो जवानांना पकडलं, त्याला ती किती वेळ करायची हे नेमकं ठाऊक होतं. माझा पारा वर धावला. मी त्याला अडवू शकत नव्हतो. गरम लागलं की चढायचं, एवढंच मला येतं. आबांनी मला धोतराच्या सोग्याला पुसलं, वळले आणि म्हणाले, “एकशे एक.”

“व्हय?” अंकिता उठून उभी राहिली. “असं कसं आबा? मला काय वाटत न्हाई. परत लावा.”

“परत कशाला? बघ की तुझ्या डोळ्यानं.” त्यांनी मला तिच्यापुढं धरलं. “मीटर कवा खोटं बोललाय का?”

माझा घात झाला तो या वाक्यानं. चहाचं मी एक वेळ विसरलो असतो. पण माझंच नाव पुढं करून, माझ्याच इतक्या वर्षांच्या सचोटीची शपथ घालून त्यांनी पोरीचा गळा कापला. तिनं माझ्याकडे पाहिलं. पारा एकशे एकवर होता. ती लहानपणापासून माझ्यावर विश्वास ठेवत आली होती, तसाच तिनं त्या सकाळीही ठेवला.

दारात गाडीचा हॉर्न वाजला. ती स्वतः बाहेर गेली आणि म्हणाली, “सर, ताप हाय. तुमी जावा.” परत आली, भिंतीकडं तोंड करून आडवी झाली आणि उशीत तोंड खुपसून रडली. तिच्या आईनं पाठीवर हात ठेवला. आबा तक्त्यावर सत्ताविसावा ठिपका काढायला गेले. पेन कागदावर इतका वेळ टेकून राहिलं की ठिपक्याचा डाग झाला. मग ते मला तसाच डबीत टाकून बाहेर निघून गेले. स्पिरिटनं न पुसता त्यांनी मला डबीत ठेवल्याची ती पहिलीच वेळ.

साडेदहाच्या सुमाराला अंकिता उठली. साताऱ्यात शर्यत संपून गेली असेल, हे तिला कळत होतं. ताप किती वाढलाय ते बघायला तिनं डबी उघडली, मला झटकलं आणि जिभेखाली ठेवलं.

ती थबकली. मला बाहेर काढलं, टोकाकडं बघितलं, परत जीभ लावली.

मी गोड लागत होतो. चहाची साखर माझ्या अंगावर वाळून चिकटली होती.

तिनं मला पाण्यानं धुतलं, नीट तीन मिनिटं लावलं. अठ्ठ्याण्णव चार. मग ती खिडकीपाशी गेली. कट्ट्यावर कप अजून तसाच होता, वर साय धरलेला. ती कप एका हातात आणि मला दुसऱ्या हातात घेऊन अंगणात आली. आबा पायरीवर बसले होते.

“आबा,” ती म्हणाली, “मीटर गोड लागतोय.”

आबांनी मान वर केली नाही. अंकिताची आई स्वयंपाकघरातून बाहेर आली, कपाकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, आणि तिला सगळं कळलं. “आवं आबा, ह्ये काय केलंसा?” एवढंच ती म्हणाली.

मग आबा बोलायला लागले. आवाज त्यांचा वाटतच नव्हता.

“बिरदेव नावाचा पोरगा हुता आमच्या पलटणीत. जतकडचा, मेंढक्याच्या घरचा. असा पळायचा की बघत ऱ्हावं. कंपन्यांची शर्यत हुती आन त्येला आठ दिस ताप येऊन गेल्याला. माझ्याकडं आला. म्हनला, हवालदारसाब, मला फिट लिवा. मी ह्यो मीटर लावला. अठ्ठ्याण्णव चार. मी फिट लिवलं. आन पोरगा पाचव्या मैलाला पडला, त्यो उठलाच न्हाई. डॉक्टर म्हनले, तापानं काळीज कमजोर झाल्यालं. त्येची पेटी त्येच्या घरी पोचवायला मी गेलो हुतो. त्येची आई मला इचारती, तुमी बघितलं न्हवतं का वो त्येला? तिला काय सांगू? मीटरवर इस्वास ठिवला म्हनून सांगू?”

मी डबीबाहेर, अंकिताच्या हातात, हे ऐकत होतो. मला यातलं काही माहीत नव्हतं. मी बरणीत राहणारा. हजारो जणांच्या जिभेखाली मी जाऊन आलो, पुढं मैदानावर त्यांचं काय झालं ते मला कोण सांगणार? तो बिरदेव आला असेल, मी अठ्ठ्याण्णव चार सांगितलं असेल, आणि ते खरंच असणार. मी ताप सांगतो. काळजाचं मला काही कळत नाही. मी ते कळतं म्हणून कधी म्हटलंही नाही.

पण हा माणूस तीस वर्षं मला कापसानं पुसत होता, गावापुढं माझा मोठेपणा सांगत होता, आणि मनात मला त्या पोराचा मारेकरी समजत होता. मी दगा दिला, असं त्याला वाटत होतं. एकदा तरी तोंडावर बोलला असता, आपटून फोडलं असतं, तर बरं झालं असतं. एवढा राग मनात ठेवून कुणी कुणाला इतकं जपतं का?

अंकितानं सगळं ऐकून घेतलं. तिचे डोळे कोरडे होते.

“आबा, ह्ये मला काल सांगितलं असतं तर मी थांबले असते,” ती म्हणाली. “का पळाले असते, ते म्हाईत न्हाई. काळजाची तपासणी करून घे म्हनला असता, तर कराडला जाऊन केली असती. पन ते मी ठरिवलं असतं. तुमी मला शब्द दिलाता आन मागनं चहात बुडिवला.”

तिनं आत जाऊन खाटेचा तक्ता काढून आणला आणि घडी करून आबांच्या मांडीवर ठेवला. फाडला असता तरी इतकं लागलं नसतं.

त्यानंतर त्या घरात बोलणं असं उरलं नाही. दोन दिवसांनी तानाजी सर आले. त्यांनी सांगितलं की अजून एक वाट आहे. सोळा दिवसांनी सांगलीला वयाची अट नसलेली, सगळ्या जिल्ह्यांना खुली चाचणी होणार होती; माधवनगरच्या रस्त्यावर दहा किलोमीटर, दुपारी चारला. तिथं वेळ चांगली दिली तर राज्याच्या संघात एक जागा मिळू शकत होती. चहाची गोष्ट सरांना अंकितानंच सांगितली. सर आबांकडे बघून हसले नाहीत, रागावलेही नाहीत. नुसता नमस्कार करून गेले. आबांना ते फार लागलं.

अंकिता पळायला लागली, पण ते पळणं निराळं होतं. पूर्वी ती पळून आली की तिचा चेहरा उजळलेला असायचा. आता दात आवळून जायची, दात आवळून यायची. थंडीत सकाळी सात, संध्याकाळी सात किलोमीटर. विश्रांतीचं नाव नाही. आई म्हणायची, “अगं, दमानं.” ती म्हणायची, “दमानं घेऊन काय मिळालं?” आबांनी एकदा दबकत काळजाच्या तपासणीचं काढलं, तर ती ताटावरून उठून गेली. मला तिनं हातही लावला नाही. मी कपाटात पडून होतो. वस्तीतलंही कुणी येईना, कारण आईनं शेजारणीला सांगितलं आणि शेजारणीनं गावाला. “आबांचा मीटर चहा पितो,” म्हणून पोरं हसायला लागली.

आज अकराच्या सुमाराला कपाट उघडलं. अंकिता होती. आबा आंघोळीला गेले होते, आई गोठ्यात होती. तिनं हळूच डबी काढली, मला नळाखाली धुतलं, दोनदा धुतलं, झटकलं आणि जिभेखाली ठेवलं. तिचे दात माझ्यावर कडकड वाजत होते. आत काय आहे ते मला पहिल्या क्षणाला कळलं. हा ताप माझ्या ओळखीचा होता.

तीन मिनिटांनी तिनं मला उजेडात धरलं. एकशे एक सहा.

तिनं माझ्याकडं पाहिलं, आणि मी शपथेवर सांगतो, तिला माझं पटलं. गेले दोन दिवस तिला जेवण जात नव्हतं, चालताना पोटऱ्या भरून येत होत्या, पाठीतून शिरशिरी जात होती. मी नवीन काही सांगितलं नव्हतं. तिला जे ठाऊक होतं, त्यावर मी फक्त आकडा घातला होता. ती पलंगाच्या काठावर बसली आणि मला वाटलं, आता आईला हाक मारेल.

तिनं हाक मारली नाही. थोड्या वेळानं ती स्वतःशीच, पण मोठ्यानं म्हणाली, “बिघडलाय ह्यो. चहात घातल्यापास्नं बिघडलाय.”

आणि मला डबीत टाकून ती बूट घालायला गेली.

आबांनी मला खोटं बोलायला लावलं होतं, ते एका मेलेल्या पोराच्या धास्तीनं. पण ही पोरगी खरं ओळखून मला खोटं ठरवत होती, कारण ते तिला सोयीचं होतं. दोघांत जास्त कुणाचं लागलं म्हणून विचाराल, तर हिचं.

आबा आंघोळीहून आले तेव्हा कपाट उघडंच होतं. त्यांनी डबी उघडली. मला कुणी झटकलं नव्हतं, पारा होता तिथंच होता. आबांनी आकडा वाचला आणि मला मुठीत धरून ओल्या पायांनी तसेच बाहेर धावले. सरांची गाडी दारात उभी होती, अंकिता आत बसत होती.

“अंकिता, खाली उतर! एकशे एक सहा हाय तुला!”

“मागल्या टायमालाबी एकशे एकच हुता, आबा.”

“अगं, ह्यो खरा हाय! मी हात न्हाई लावला. तूच लावलास न्हवं? ताप उलटलाय तुझा, बाळा.”

“मीटर बिघडलाय,” ती म्हणाली आणि दार ओढून घेतलं. सरांनी आरशातून आबांकडे बघितलं आणि गाडी काढली. आई गोठ्यातून आली तोवर रस्त्यावर नुसता धुरळा होता. आबांनी तिला मला दाखवलं. ती माझ्याकडं न बघताच म्हणाली, “आता पुरं करा आबा. पळू द्या तिला एकदा.”

आबांनी सरांना फोन लावला. चौथ्या वेळी सरांनी उचलला. “आबा, तुमची काळजी कळती मला,” ते म्हणाले, “पन पोरगी म्हनती बरी हाय. मी कुणावर इस्वास ठेवायचा?” आणि फोन बंद झाला. मग बंदच लागत राहिला.

आबांनी शर्ट चढवला, मला न झटकता वरच्या खिशात ठेवलं आणि उंब्रजच्या नाक्यावरून मिळेल ती एस. टी. धरली. कराडला गाडी बदलली. पेठ नाक्यापर्यंत बरी आली. पण हे दिवस उसाचे. आष्ट्याच्या अलीकडं उसाची ट्रॉली रस्त्यात आडवी झालीय, मोळ्या पसरल्यात, आणि दोन्ही बाजूंनी गाड्यांची रांग लागलीय. आमची एस. टी. पाऊण तास झाला जागची हललेली नाही. कंडक्टर खाली उतरून तंबाखू मळतोय. आबा दर दोन मिनिटांनी खिशातून मला काढून बघतात, जणू माझा आकडा आपोआप उतरणार आहे. शेजारच्या माणसाला त्यांनी आत्ता विचारलं, “पावनं, सांगली किती लांब ऱ्हायली वो?” तो म्हणाला, “रस्ता सुटला तर अर्धा तास.” सव्वातीन वाजलेत.

आबांवर माझा राग आहे. तो जायचा नाही. पण या क्षणी त्यांच्या खिशाच्या आत, त्यांच्या छातीला लागून बसलोय, आणि आत जे धडधडतंय ते मला ऐकू येतंय. हा माणूस आज जन्मात पहिल्यांदा, मी खरा आहे हे कुणाला तरी पटावं म्हणून धावतोय. आणि त्याचं ऐकणारं कुणी नाही. माझंही नाही.

म्हणून तुम्हाला सांगतोय. तुम्ही माधवनगरच्या बाजूला असाल, चार वाजता रस्त्याच्या कडेला टाळ्या वाजवायला उभे राहणार असाल, तर पळणाऱ्या पोरींत एक घट्ट वेणीची, उंच पोरगी बघा. ओठ सुकलेले असतील, डोळे तांबडे असतील, आणि सगळ्यांत पुढं तीच असेल. तिला टाळ्या वाजवू नका. तिला अडवा. ती भांडेल, शिव्या देईल, तरी अडवा. म्हाताऱ्यानं खोटं सांगितलं होतं, खरं आहे. मीटर चहात बुडला होता, तेही खरं आहे. माझ्यावर विश्वास ठेवूच नका, माझी काही तक्रार नाही. फक्त एकदा तिच्या कपाळाला हात लावून बघा.